उजवं पान

ही गोष्ट दोन हजार पंचवीस सालची. यशोदाबाईंना तेव्हा चौऱ्याहत्तरावं लागलं होतं आणि लग्नं जमवायला लागून त्यांना बेचाळीस वर्षं झाली होती. जळगावात पिंप्राळ्याच्या अंगाला त्यांचं तीन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत पलंग, दोन खुर्च्या, भिंतीतलं कपाट आणि कपाटात एकतीस वह्या. बाहेर 'वधू-वर सूचक केंद्र' अशी पत्र्याची पाटी होती, पण पाटी वाचून कुणी आत आलं असं कधी झालं नाही. यशोदाबाईंना सगळे अक्का म्हणायचे, आणि लोक यायचे ते अक्कांकडं यायचे.

नवरा शाळेत मास्तर होता. बदली होईल तिथं बिऱ्हाड न्यायचं. जामनेर, एदलाबाद, पारोळा, शिंदखेडा. एदलाबादचं मुक्ताईनगर होऊन किती वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून जुनंच नाव निघायचं. गावात चार वर्षं काढली की तिथल्या बाया त्यांच्या होऊन जायच्या. दुपारी ओट्यावर शेंगा फोडत बसायचं आणि ऐकायचं. कुणाची आत्या कुठं दिली, कोणते दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, कोणती सासू सुनेला पोटभर जेवू देते. मास्तर वारले तेव्हा यशोदाबाई बत्तीस वर्षांच्या होत्या आणि जवळ एक मुलगी आणि हे सगळं ऐकलेलं, एवढंच होतं. त्यावर त्यांनी संसार ओढला.

त्यांच्या माणसांत एक रीत होती. स्थळाला नकार द्यायचा तर खरं कारण सांगायचं नाही. 'पत्रिका जुळत नाही' एवढं म्हणायचं. ऐकणाऱ्यालाही कळायचं की पत्रिका कुणी उघडलेलीसुद्धा नाही. तो मान हलवायचा, चहा संपवायचा आणि दुसरीकडं चौकशीला लागायचा. कारण उद्या त्याच घराशी कुणाच्या तरी हळदीला नाहीतर दहाव्याला गाठ पडायची असते.

खरं कारण मात्र अक्कांना सांगितलं जायचं. ते त्या वहीत लिहायच्या. डाव्या पानावर नाव, गाव, शिक्षण, उंची, मामाचं कूळ. हे कुणीही वाचावं. उजव्या पानावर बाकीचं. समोर कुणी बसलं असलं की वही उघडताना त्यांचा उजवा तळहात आपोआप त्या पानावर पडायचा. हे लिहायचं कशाला, असं मुलीनं, चारुलतानं, एकदा विचारलं होतं. यशोदाबाई म्हणाल्या, "नाजूक तब्येतीची पोर माझ्या विसराळूपणानं एखाद्या कैदाशिणीच्या घरात पडायला नको."

आणि योग्य घर मिळालं, की त्या स्वतः जायच्या. त्या घरातली एक बाई निवडायच्या, सासू, आजेसासू, कधी मोठी जाऊ. तिला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगायच्या. एकीलाच. ती हो म्हणाली की लग्न ठरायचं. मग घरात त्या पोरीचं एक माणूस असायचं.

हितेंद्र त्यांच्या धाकट्या दिराचा मुलगा. धुळ्याला इंजिनिअर झाला, पुण्यात सहा वर्षं नोकरी केली आणि त्याच्या कंपनीनं त्याच्यासारख्या चाळीस जणांचं काम मशीनकडं दिलं तेव्हा परत आला. चोवीस सालची दिवाळी तो काकूकडंच होता. पोरगा वाईट नव्हता. हे पुढं पुष्कळांना पटलं नाही, पण यशोदाबाई कायम तसंच म्हणत राहिल्या.

"काकू, तुम्ही गेल्यावर या वह्यांचं काय?" त्यानं भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी विचारलं.

"मी गेल्यावर मला काय करायचंय? रद्दीत घाल."

"बेचाळीस वर्षांचं डोकं आहे हे. रद्दीत कसं घालू?"

यशोदाबाईंना ते शब्द गोड लागले. हल्ली त्यांना नावं आठवायला वेळ लागायचा. एकदा तर पारोळ्याच्या एकाच घरी एकच स्थळ दोनदा सुचवलं होतं आणि तिथल्या सुना पदराआड हसल्या होत्या. हितेंद्रनं समजावलं. वह्यांचे फोटो काढायचे, मशीनला वाचायला द्यायचे. मग लोक फोनवर अक्कांशी बोलतील तसं मशीनशी बोलतील आणि मशीन अक्कांच्याच शब्दांत उत्तर देईल. स्थळंही तेच सुचवेल.

"डावी पानं घे मग," त्या म्हणाल्या.

"डाव्या पानांवर काय आहे? उंची आणि शिक्षण. ते प्रत्येक अ‍ॅपवर मिळतं. तुमचं शहाणपण उजव्या पानावर आहे, काकू. कोणती पोर कोणत्या घरात नांदेल, ते मशीनला तिथूनच कळणार."

त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "ते कुणी वाचणार नाही ना?"

"माणूस कुणी वाचणार नाही. मशीन वाचेल."

यशोदाबाईंनी कपाटाकडं पाहिलं. इतकी वर्षं वह्या त्या कपाटात होत्या, आता दुसऱ्या कपाटात जातील, असा त्यांनी विचार केला. पानावर हात का ठेवायचा, ते त्यांनी हितेंद्रला सांगितलं नाही. ते कुणाला सांगावं लागतं, हेच त्यांना आयुष्यात कधी सुचलं नव्हतं.

जानेवारीत ते सुरू झालं. मशीनचं नावही हितेंद्रनं 'अक्का'च ठेवलं. चार दुपारी त्यानं त्यांच्याकडून जुन्या दिवाळी अंकांतलं मोठ्यानं वाचून घेतलं, आणि पाचव्या दिवशी फोनमधून त्यांचाच आवाज आला. "राम राम, मी जळगावहून अक्का बोलते. पोराचा नवा फोटो पाठवा बरं, जुन्यात तो रुसल्यासारखा दिसतो." यशोदाबाई इतक्या हसल्या की ठसका लागला.

आणि मशीननं सुचवलेली स्थळं खरोखर चांगली होती. पहिल्या महिन्यात तीन लग्नं ठरली. त्यांतलं एक तर यशोदाबाईंना स्वतःला सुचलं नसतं. सेंधव्यापासून भुसावळपर्यंतची माणसं नाव नोंदवायला लागली.

हेमांगीचं स्थळ मात्र त्यांनी जुन्या पद्धतीनंच जमवलं होतं.

हेमांगी जामनेर तालुक्यातल्या पंडितची मुलगी. दोन हजार एकवीसच्या हिवाळ्यात बेबाबाई, तिची आई, तिला घेऊन पहिल्यांदा आली ती पिशवीभर मेहरूणची बोरं घेऊन. पोरीला बाहेर बसवून बेबाबाई स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून रडली. विसाव्या वर्षी हेमांगीला फिट आली होती. वर्षभरात चारदा आली. जळगावच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि नंतर एकदाही आली नाही. रात्री झोपताना एक गोळी. चुकवायची नाही, जागरण करायचं नाही. बाकी पोरगी उत्तम. बीएस्सी झालेली, लहान मुलांना शिकवणारी, तोंडानं फटकळ.

"आमच्या बापूंना सांगू नका हं मी रडली ते," बेबाबाई म्हणाली. पंडितला ती बापूच म्हणायची. "ते म्हणतात, कोणालेच सांगू नको."

"मी कुणाला सांगायचं ते मी बघते," अक्का म्हणाल्या होत्या.

चार वर्षं त्यांनी घर शोधलं. शेवटी नरडाण्याचा स्वप्नील सापडला, तिथल्या कारखान्यात सुपरवायझर. त्याची आई कुंदाबाई ऐकून घेणारी बाई होती. गुडघ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधीच यशोदाबाई स्वतः रेल्वेनं नरडाण्याला गेल्या आणि तिच्या मागच्या दारी बसून सगळं सांगितलं. कुंदाबाई तूर निवडत होती. ती निवडायची थांबली नाही.

"माझ्या मामेबहिणीला होतं," ती म्हणाली. "तिला दोन पोरं झाली, नातवंडं झाली. गोळी मी देत जाईन हाताने. पण आमच्या आबांच्या कानावर जाऊ देऊ नका, अक्का. तिचा सासरा होणार, जुना माणूस आहे."

फेब्रुवारीत साखरपुडा झाला. लग्न मे महिन्यात. साखरपुड्यात हेमांगी अक्कांच्या पाया पडली आणि उठताना हळूच म्हणाली, "तुमच्या मशीनला मी विचारलं काल, नवरा कसा निघेल म्हणून. म्हणालं, आधी त्याच्या आईशी बोल."

"बरोबर बोललं."

"तुमच्यासारखंच बोलतं. फक्त तपकीर ओढत नाही."

होळीच्या चार दिवस आधी धुळ्याचा लीलाधर आला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा, पन्नाशीचा, अंगानं जाड माणूस. चार वर्षांपूर्वी त्याच्या मुलासाठी हेमांगीचं स्थळ निघालं होतं आणि यशोदाबाईंनीच 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप दिला होता. तो खुर्चीवर बसला नाही. उभ्यानंच त्यानं फोन पुढं धरला.

"अक्का, हाई तुम्हीच लिखेल शे का?"

चष्मा लावून त्यांनी वाचलं. लीलाधरनं मशीनला सरळ विचारलं होतं की मुलाला स्थळं मिळत नाहीत, आधीच्या ठिकाणी नकार का आला होता. खाली उत्तर होतं, त्यांच्याच बोलण्याच्या धाटणीत.

'लीलाधरभाऊ, पत्रिका हे खरं कारण नव्हतं. माझ्या नोंदीप्रमाणे तुम्ही दारू पिऊन बायकोवर हात उगारता असं कळलं होतं. मुलीला फिटची गोळी चालू होती, ती रोज घ्यावी लागते, म्हणून पंडितभाऊंची हेमांगी तुमच्या घरी देणं मला बरोबर वाटलं नाही. राग मानू नका. आता मुलासाठी दुसरं स्थळ बघू या.'

यशोदाबाईंनी ते दोनदा वाचलं. शब्द त्यांचे होते. 'अशा घरी देणे नाही' असं त्यांनी लिहिलं होतं. मशीननं ते सौम्य केलं होतं.

"चार वरीस मी हाईच समजी राहिंथू, पत्रिका जुळनी नही," लीलाधर म्हणाला. "मी दारू पेस आनि बायकोले मारस, आसं लिखेल शे."

"पीत नव्हतास का?"

"पेत होतू. नही म्हनस का मी? बंद करीसन तीन वरीस हुई गयात. ते लिखं का कोठे?"

ते लिहिलं नव्हतं. लीलाधर सुधारला हे त्यांना कुणी सांगायला आलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

"भाऊ, बस. पाणी घे. हे पुसून टाक फोनमधून. त्या पोरीचं लग्न ठरलंय."

लीलाधर पाण्याकडं बघत राहिला. थोडा वरमला. "मी टाकी दिधं समाजना ग्रुपवर. सकाळीच." मग पुन्हा आवाज चढवून म्हणाला, "मना पोऱ्यानं बी लग्न नही व्हई राहिनं ना. त्यानं कोनी काय पाहं?"

त्याच संध्याकाळी नरडाण्याहून फोन आला. कुंदाबाई कुठल्या तरी बंद खोलीतून दबक्या आवाजात बोलत होती.

"अक्का, आबांनी वाचलं. जावयाने दाखवलं त्यांना. आम्हाला फसवलं म्हणतात."

"तू सांग ना मग. तुला मी सांगितलं होतं."

पलीकडं कडी लावल्याचा आवाज आला.

"मी नाही म्हटलं," ती म्हणाली. "मला कोणी सांगितलं नाही, असं म्हटलं. अहो, मला माहीत होतं ते निराळं. आता अख्ख्या नरडाण्याला माहीत आहे. मी हो म्हटलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं. स्वप्नील कोपऱ्यात बसून आहे, त्याने काही तोंड उघडलं नाही. मीच एकटी काय बोलू?"

यशोदाबाईंनी तिला दोष दिला नाही. त्यांनी हितेंद्रला हाक मारली. त्यानं ते आधीच वाचलं होतं.

"काकू, मी त्याला सांगितलं होतं की खाजगी गोष्टी बोलू नको. पण लोकांनी नकाराचं कारण विचारलं तर प्रामाणिक उत्तर द्यावं, असंही सांगितलं होतं. बाकीच्या अ‍ॅपवर नुसती टोलवाटोलवी करतात, म्हणून." त्यानं फोन उलटा ठेवला. "त्यानं खोटं काहीच सांगितलं नाही."

"खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

मग ते ठरलं, जे ठरवताना त्या दोघांनाही वाटत होतं की यानं पोरीचं लग्न वाचेल. हितेंद्रनं एक जाहीर सूचना लिहिली आणि नोंदवलेल्या सगळ्या नंबरांवर पाठवली. मशीनमध्ये बिघाड होऊन काही चुकीची माहिती गेली आहे. ती संपूर्ण खोटी आहे. यापुढं अक्कांच्या नावानं किंवा अक्कांच्या आवाजात कुणाच्या तब्येतीबद्दल काही सांगण्यात आलं, तर ते मशीन समजावं आणि त्यावर विश्वास ठेवू नये. शेवटचं वाक्य यशोदाबाईंनी दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "पाठव."

नरडाण्याच्या आबांनी सूचना वाचली आणि म्हणाले की खोटं असतं तर एवढी घाई कशाला केली असती. होळीच्या आदल्या दिवशी साखरपुड्यात स्वप्नीलला दिलेले कपडे पंडितकडं परत आले.

पंडित जळगावला एकदाच आला. दारातच उभा राहिला, चपला काढल्या नाहीत.

"अक्का, आम्ही तुम्हाले आईच्या जागी मानलं. माझी बाई तुमच्याजवळ रडली, ते तुम्ही पुस्तकात लिहून ठेवलं?"

"पंडित, ऐक."

"नाही ऐकत. आता माझ्या पोरीचं मी बघतो. कोणाले सांगायचं नाही आणि कोणाले विचारायचंही नाही."

एक महिना गेला. मग एका नातेवाइकाकडून यशोदाबाईंना कळलं की हेमांगीचं लग्न झालंसुद्धा. अठरा एप्रिलला, सेंधव्याकडं, मध्य प्रदेशात. मूळचे खानदेशातलेच लोक, दोन पिढ्यांपूर्वी तिकडं शेती घेऊन राहिलेले. आपल्या समाजाच्या ग्रुपवर ते नव्हते, म्हणून पंडितनं ते घर निवडलं होतं. घराला काही सांगितलं नव्हतं. सासू इंदिराबाई. हे नाव यशोदाबाईंना ओळखीचं वाटलं. त्यांनी वही काढली. जानेवारीत याच बाईनं मुलाचं नाव नोंदवलं होतं. उजव्या पानावर काहीच नव्हतं. त्या घरी त्या कधी गेल्याच नव्हत्या.

त्यांनी बेबाबाईला फोन केला.

"गोळी दिली का बरोबर?"

बेबाबाई हळू बोलली. "कशी देऊ अक्का? नवी नवरी घरात गेली की तिची बॅग पाच बायांसमोर उघडतात. साड्या मोजतात, डबे हुंगतात. त्यात गोळीचं पाकीट निघालं असतं तर? बापू म्हणे, चार वर्षं नाही आली, आता काय येते."

"आणि जागरण? लग्नाची किती जागरणं झाली तिला?"

"तीन रात्री," बेबाबाई म्हणाली. "हळद, लग्न, आणि तिकडे गेल्यावर गोंधळ."

दुसऱ्या दिवशी दुपारी यशोदाबाईंनी हेमांगीचा नंबर लावला. चौथ्यांदा तिनं उचलला.

"कोण?"

"मी अक्का, बेटा."

"मशीन की अक्का?"

हेमांगीच म्हणाली, "आई मला पहिल्यांदा तुमच्याकडे घेऊन आली तेव्हा काय आणलं होतं?"

"मेहरूणची बोरं. अर्धी किडकी होती."

"किडकी नव्हती हं." ती हसली आणि मग आवाज खाली आणला. "अक्का, डोकं जड राहतं. सकाळी हातातून कप पडला. आधी असंच व्हायचं."

"नवऱ्याला सांग."

"दोन दिवस झाले ते कापूस घेऊन गुजरातला गेलेत. आणि मेडिकल बाजारात आहे, मला एकटीला सोडत नाहीत. सासूबाई वाईट नाहीत, अक्का. पण मला सांगता येत नाही. सुरुवात कशी करू, तेच जमत नाही. तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्ही सांगता ना सगळ्यांना."

"नंबर दे," यशोदाबाई म्हणाल्या.

इंदिराबाईंनी लगेच उचलला. मागं कुकरची शिट्टी वाजत होती.

"राम राम. मी जळगावहून अक्का बोलते."

"हां, बोल," इंदिराबाई सैल आवाजात म्हणाल्या. मग बाजूला कुणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं, "ते जळगावनं मशीन शे. रोज येस."

"मशीन नाही, बाई. मी स्वतः बोलते. यशोदाबाई. तुमच्या सुनेबद्दल एक सांगायचं आहे, तुम्हाला एकटीला. जरा बाजूला या."

"आम्हले मेसेज येल शे," इंदिराबाई म्हणाल्या. "आवाजवर भरोसा ठेवू नका म्हनीसन. तब्येतनं काही सांगं ते खोटं समजा."

"तो मेसेज आम्हीच पाठवला होता. पण आता मी खरी..."

"मंग खरं काय नि खोटं काय? पह्यले म्हनतस भरोसा ठेवू नका, आते म्हनतस ठेवा. आम्हनी सून चांगली शे. पहाटे पाचले उठस, बठ्ठी कामं करस. तिले काही नही."

"बाई, तिला रात्री झोपताना एक गोळी लागते. फार साधी गोष्ट आहे. तुम्ही हातानं दिली की..."

"पाह्य व, मेसेजमा लिखेल व्हतं तसंच बोली राहिनं," इंदिराबाई बाजूच्या बाईला म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं. फोन बंद झाला.

त्यांनी परत लावला. उचलला नाही. हितेंद्रनं व्हिडिओ कॉल लावून दिला, तोही उचलला नाही. संध्याकाळपर्यंत तो नंबर लागेनासाच झाला. बेचाळीस वर्षांत किती घरांत त्या असंच सांगायला गेल्या होत्या, आणि कुणी रागावलं असेल, कुणी रडलं असेल, पण तू कोण असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. फोन मांडीवर ठेवून त्या पलंगावर बसून राहिल्या. जायला पाहिजे होतं. समोर बसून, हात धरून सांगायला पाहिजे होतं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते, बसनं सेंधवा म्हणजे चोपडा आणि शिरपूर करत पाच-सहा तास. पण जायला पाहिजे होतं.

"उद्या पहाटे गाडी करतो," हितेंद्र म्हणाला.

त्यांनी बेबाबाईला कळवलं आणि बेबाबाईनं हात जोडल्यासारखा आवाज काढला. "अक्का, तुमच्या पाया पडते, जाऊ नका. तुम्ही दारात दिसल्या की त्यांना कळेल आम्ही लपवलं. पोरीले वापस पाठवतील. दुसऱ्यांदा मोडलं तर तिचा बाप फाशी घेईल. आखाजीचा सण पाच दिवसांवर आला. पहिली आखाजी, पोरीले माहेरी पाठवतीलच. तुमच्यासमोर तिच्या हातात गोळ्या देते, मग तुम्ही स्वतः तिच्यासोबत जा आणि त्या बाईले सांगा. पाच दिवस."

यशोदाबाईंनी विचार केला. चार वर्षं आली नाही, पाच दिवस काय? हा पंडितचाच विचार होता, आणि तो आपल्याही डोक्यात आला हे त्यांना तेव्हाच कळलं. तरी त्या म्हणाल्या, "बरं."

गाडी केली नाही.

सत्तावीस एप्रिलला, रविवारी, सकाळी साडेनऊला हेमांगी ज्वारीच्या बिबड्या, पापडासारख्या, वाळत घालायला गच्चीवर गेली. उन्हाळ्याचं काम, घरोघरी चालतं. गच्चीला कठडा बांधायचा राहिला होता. शेजारच्या बाईनं पाहिलं की ती वाकून बिबडी पसरत होती, मग ताठ झाली, हातातलं पातेलं पडलं आणि ती कडेच्या बाजूला झुकली. खाली शेतीची अवजारं होती. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

बेबाबाईचा फोन आला तेव्हा यशोदाबाई देवपूजा करत होत्या. बेबाबाई बोलली नाही, नुसता श्वास येत होता, आणि मागून पंडितचा आवाज, "कोणाले फोन लावते? ठेव तो." यशोदाबाईंना त्यावरून समजलं.

त्या सेंधव्याला गेल्या. तेव्हा गुडघा आड आला नाही. अंगणात बायांच्या गराड्यात इंदिराबाई बसल्या होत्या. यशोदाबाई समोर जाऊन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी अक्का." इंदिराबाईंनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग हाताकडं, मग परत तोंडाकडं.

"तू खरीच व्हती," त्या म्हणाल्या.



पोलिसांनी अपघाती मृत्यू लिहिला. पंडितनं तक्रार केली नाही. केली असती तर सगळंच बाहेर आलं असतं. त्यानं त्या वर्षी केळीचा अर्धा बाग ठेवला, अर्धा दुसऱ्याला कसायला दिला. तो आणि बेबाबाई एका घरात राहतात, पण तो ओट्यावर जेवतो आणि ती आत. बेबाबाई पुन्हा जळगावला आली नाही.

स्वप्नील नरडाण्याची नोकरी सोडून चाकणला गेला. त्याचं लग्न अजून नाही. कुंदाबाई त्याच्यासाठी स्थळं बघत नाही. कुणी विचारलं तर पत्रिकेत दोष आहे म्हणते.

इंदिराबाईंच्या मुलाचं मार्गशीर्षात दुसरं लग्न झालं. गच्चीला कठडा त्यांनी पावसाळ्याआधीच बांधून घेतला होता.

लीलाधरच्या मुलाचं लग्न जमलं, पाचोऱ्याकडची मुलगी. लीलाधर यशोदाबाईंना पत्रिका द्यायला आला होता. दार बंद होतं, म्हणून कडीत अडकवून गेला. हेमांगीचं त्याच्या कानावर गेलं होतं की नाही, ते कळलं नाही.

हितेंद्रनं मशीन आठवडाभर बंद ठेवलं. मग सुरत आणि नाशिकच्या दोन संस्थांनी विचारणा केली तेव्हा त्यानं ते सगळं, वह्यांच्या फोटोंसकट, नाशिकच्या संस्थेला दिलं आणि तिथंच नोकरीला लागला. तिथं आता उजव्या पानांना कुलूप आहे, असं तो सांगतो. तो दर महिन्याला काकूला फोन करतो. फोन करताना आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगतो.

यशोदाबाईंनी पिंप्राळ्याचं घर भाड्यानं दिलं आणि त्या धुळ्याला देवपुरात चारुलताकडं राहायला गेल्या. पाटी काढताना तिचा पत्रा हाताला लागला, ती जखम बरेच दिवस चिघळली. देवपुरात शेजारणी दुपारी जिन्यात बसतात. त्याही जाऊन बसतात. मध्यंतरी एकीनं तिच्या भाचीसाठी विचारलं, अक्का, तुम्हाला पुष्कळ घरं माहीत आहेत म्हणतात, एखादं चांगलं सांगा ना. यशोदाबाई म्हणाल्या, आता मला कुणाच्याच घरातलं काही माहीत नाही, आणि मेथी निवडत राहिल्या.